भावाचा मान

आमच्या खानावळीला पाटी नव्हती. महाडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, एवढाच पसारा. पडवीत चटया अंथरलेल्या असत, भिंतीशी पाट टेकवून ठेवलेले आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप. आतल्या खोलीत आई रांधायची, त्याच्या पलीकडच्या खोलीत आम्ही झोपायचो. रोज जेवायला येणाऱ्यांना आम्ही मेंबर म्हणत असू. बहुतेक मेंबर औद्योगिक वसाहतीतले होते, कुणी औषधाच्या कंपनीत तर कुणी रंगाच्या. रंगाच्या कंपनीतली माणसं बसत तिथली चटई पिवळट पडत जाई, मधूनच एखादा गुलाबी डाग. साबण लावून कितीही घासलं तरी तो जात नसे. शेवटी आईने त्यांची जागाच ठरवून टाकली. नवा माणूस दारात आला की ती आधी त्याचे हात बघायची आणि म्हणायची, "रंगाचा हायस ना? मग भिंतीकडं बस."

बाबा ट्रकवर ड्रायव्हर होते. आठवड्यातले चार दिवस गुजरातच्या रस्त्याला, घरी आले की बराच वेळ नुसते झोपलेले. त्यामुळे माझं वाढतं वय मला आवाजांनी आठवतं, आणि ते सगळे आईचे आवाज आहेत. उजाडायच्या आधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग तो पेट घेताना होणारी धाप, मग परातीत तांदळाच्या भाकरीचं पीठ मळताना हलणाऱ्या बांगड्या. एवढ्यात स्टँडवरचा लाउडस्पीकर जागा व्हायचा आणि पोलादपूर, महाबळेश्वर, खेड अशी गावं एका सुरात म्हणायला लागायचा. पहिल्या पाळीला माणसं नेणारी कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची की आमच्या पडवीत ताटल्या सरकवून धावाधाव. आता विरारला माझ्या स्वयंपाकघरात सगळं आहे, पण सकाळी कुठल्या आवाजावर उठायचं ते अजून मला ठरवता आलेलं नाही. मी आपली उठते.

जेवण साधंच असे. भात, आमटी, एक भाजी, भाकरी. बुधवारी आणि रविवारी मासळी, ताजी मिळाली नाही तर सुकट किंवा बोंबील. वालाचं बिरडं आई असं करायची की औषधवाले शिकलेले मेंबरसुद्धा वाटी तोंडाला लावायचे. मी बारावी होऊन घरीच होते. पुढे शिकायचं होतं असं मोठ्या तोंडाने सांगण्यासारखं काही नव्हतं. वाढायचं काम माझं होतं, आणि वाढणाऱ्या बाईला माणसांच्या फक्त ताटल्या दिसतात. चेहरे नंतर कळतात.

आमचं मूळ घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कापडे गावाच्याही पुढे चालत जावं लागे अशा एका वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथे माणसं राहतात, आणि मी जे सांगणार आहे त्यात त्यांच्याकडे बोट दाखवायचा माझा विचार नाही. वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, देव एकच, एकाच्या घरी मयत झालं की सुतक सगळ्यांना. म्हणजे सगळी भावकी. त्या हिशेबाने वाडीतला प्रत्येक मुलगा माझा भाऊ होता. भाऊबीजेला मी त्यांना ओळीने पाटावर बसवून ओवाळायची. त्यातल्या नामदेवने एकदा तबकात भलंमोठं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, ठेवलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. संध्याकाळी कळलं की ते आमच्याच मांडवावरून तोडलेलं होतं.

नामदेवचं घर आमच्या घराच्या खालच्या अंगाला. वडील लवकर गेले होते, आई आणि तो दोघंच. भात निसवायला लागलं की पाखरं राखायला आम्हा दोघांना शेतावर पाठवत. तो पत्र्याचा डबा वाजवायचा, मी ओरडायची. ओरडून घसा बसला की आम्ही बांधावरच्या बिळांत खेकडे शोधायचो आणि पाखरं निवांत भात खायची. मी पाचवीत गेले त्या वर्षी बाबांना ट्रक मिळाला आणि आम्ही महाडला आलो. त्याच पावसाळ्यात नामदेवला त्याचा मामा मुंबईला घेऊन गेला. निरोप वगैरे काही झाला नाही. त्या वयात कुणी गेलं तर ते गेलं, एवढंच कळतं.

तो खानावळीत आला तेव्हा मी विशीत होते. आला म्हणजे भिंतीकडच्या ओळीत एक नवी ताटली वाढली. दुसऱ्या पाळीचा माणूस, पिवळी बोटं, मान खाली घालून जेवणारा. कित्येक दिवस मी त्याला भात वाढला, आमटी वाढली आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की हा माणूस सगळं जेवण झाल्यावर मूठभर कोरा भात मागून घेतो, त्यावर मीठ टाकतो आणि तो शेवटी खातो. असं जेवणारा एकच मुलगा मी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मागायच्या आधीच मी कोरा भात आणि मिठाचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वर पाहिलं.

"तू सुली ना गो?"

"हो."

"मी पयल्याच दिवशी वळखलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू वाढत व्हतीस," तो म्हणाला.

आईला कोण आनंद झाला. "खालच्या घरचा नामा? तुझ्या आवशीनं पत्ता लागू दिला नाय!" असं म्हणत तिने हात पुसले, बाहेर आली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्या दिवसापासून नामदेव मेंबर राहिला नाही, घरचा झाला. बाकीचे आईला मावशी म्हणत, तो काकी म्हणायचा. पिंपात पाणी भरायचा, स्टोव्हची पिन मारून द्यायचा. सुट्टीला वाडीत जाऊन आला की पिशवीतून टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या, कधी नाचणीचं पीठ, कधी शेवग्याच्या शेंगा काढून आईसमोर ठेवायचा. आई शेजारणींना सांगायची, "आता माझ्या सुलीला भाऊ नाय असं कोण म्हणंल?" शेजारणी मान हलवायच्या. नामदेव पाणी भरत असायचा.

त्या वर्षभरात आम्ही काय बोललो हे आठवायला बसले तर फार काही हाती लागत नाही. "भात?" मी विचारायची. "अर्धा," तो म्हणायचा. मी पूर्ण वाढायची आणि तो संपवायचा. एकदा माझ्या हाताला चटका बसला होता तेव्हा त्याने नुसतं माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून लाकडी मुठीची सांडशी आणून ओट्यावर ठेवून दिली. आईला वाटलं, तिच्यासाठीच आणली. त्याची पाळी बदलली की माझ्या दिवसाचा आकार बदलायचा. तो सकाळपाळीला असला की माझं काम दुपारी उरकेना, रात्रपाळीला असला की सकाळी उरकेना. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी थोडी घाबरले आणि मग त्याची सवय करून घेतली. आज मागे पाहताना मला वाटतं, आम्ही दोघांनी एकच गोष्ट वेगवेगळी समजून घेतली आणि वेगवेगळी गप्प ठेवली. न बोलायचं असं ठरलेलं नव्हतं. बोलायला शब्दच आमच्याकडे नव्हता. जो होता तो 'भाऊ' हा होता.

त्याच सुमाराला महाडच्या थेटरात एक पिक्चर लागला. आईला पिक्चरचं भारी वेड, पण बरोबर घरचा पुरुष असल्याशिवाय ती जायची नाही. बाबा तर कधीच नसायचे. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असे, म्हणून नामदेव संध्याकाळच्या खेळाची तिकिटं घेऊन आला. मध्ये आई, तिच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. पिक्चर होता लहानपणच्या एका मित्र-मैत्रिणीचा. मोठेपणी ती दोघं कुठल्याशा थंड हवेच्या गावात पुन्हा भेटतात, चहा पितात, चालतात, एकमेकांच्या चपलांकडे बघतात. नायक काही म्हणजे काही बोलत नाही. थेटरात सगळे पाळीवाले, त्यांना मारामारी नाहीतर गाणी हवी होती. मध्यंतरानंतर एकेकाचा धीर सुटला. "अरे बोल की रे बाबा!" मागून एक ओरडला. मग दुसरा, मग सगळं थेटर. नायकाने तोंड उघडलं की शिट्ट्या, आणि त्याने चहाच मागितला की हशा. नामदेवही हसला. मला आईच्या पलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं, आणि ते मध्येच थांबलेलंही ऐकू आलं. शेवटी नायिका गाडीत बसून निघून गेली तरी तो बोलला नाहीच. घरी येताना आई डोळे पुसत होती आणि वैतागतही होती. "बोलला असता तर तासाभरात सुटलो असतो," ती म्हणाली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंनी चालत होतो. तो पिक्चर महाडला दोन-तीन दिवसांत उतरला. मुंबईला म्हणे चांगला चालला.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या मामाने विरारहून स्थळ आणलं. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला, स्वभावाने शांत, घरात आई-वडील आणि एक धाकटी बहीण. पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन यायला आईने नामदेवलाच पाठवलं. तो त्यांना घेऊन आला, त्यांच्या पिशव्या पडवीत ठेवल्या, पाणी दिलं आणि कामावर गेला. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा तो नव्हता. मुलाने मला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला विरारचं पाणी चालेल का? थोडं मचूळ असतं." मला तो प्रश्न आवडला. एवढ्या माणसांत कुणीतरी पाण्याचं विचारलं होतं. त्यांचा होकार आला, बाबांनी सुपारी फोडली आणि तारीख ठरली. मी कुणाला काही म्हटलं नाही, कारण म्हणण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

मग ती दुपार आली. मेंबर जेवून गेले होते. आई पडवीत सूप घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत बसली होती. भिंतीकडे नामदेव एकटाच जेवत होता आणि मी पलीकडे ताटल्या विसळत होते.

"नामा, तुला एक सांगायचं व्हतं," आई म्हणाली. "लग्नात होमाच्या टायमाला नवरीच्या ओंजळीत भावानं लाह्या घालायच्या असतात. नवऱ्याचा कान पण भावानंच पिळायचा. सुलीला सख्खा भाऊ नाय. तू उभा ऱ्हा."

नामदेवचा हात ताटलीत थांबला.

"काकी, मांडव मी घालतो. भात मी शिजवतो, पाणी भरतो. सगळं करतो. त्ये नको सांगू."

आई हसली. "लाजतोस काय रे? भावाचा मान असतो. नवऱ्याकडची मानसं कापड घालतील अंगावर."

"नको काकी."

"अरे पन का?"

"नाय जमणार," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा हळू, "मला नाय जमणार."

तो उठला, नळावर हात धुतले आणि गेला. ताटलीत भात तसाच होता. आईने त्या ताटलीकडे बघितलं. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी तेव्हा कशी दिसत होते ते मला माहीत नाही, पण तिने सूप खाली ठेवलं.

"तुला ठाव व्हतं?"

"हो."

"आनि त्याला?"

"माहीत नाही. आता वाटतं, त्यालाही होतं."

मला वाटलं, ती हात उचलेल. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग ती तांदळातले खडे पडवीबाहेर एकेक करून टाकत बोलायला लागली. आमच्या लहानपणी वाडीत एका जोडप्याने असंच भावकीतल्या भावकीत लग्न केलं होतं, ते मला तिने प्रथमच सांगितलं. ती दोघं सुरतेला निघून गेली आणि सुखात राहिली. मागे मुलाचे आई-बाप राहिले. वाडीने त्यांना वाळीत टाकलं. विहिरीवर त्यांच्या घागरीजवळ कुणी घागर ठेवीना, शिमग्याची पालखी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जायला लागली. "म्हातारा दाराशी आरती घेऊन उभा असायचा," आई म्हणाली. "आमी पन पालखीसंगं पुढं जायचो. मी पन." मग ती म्हणाली, "मी तुला हो म्हननार नाय आनि नाय पन म्हननार नाय. बाबा येतील त्याच्या आत तुमी दोघं काय ते बोला आनि मला सांगा. मंग बाबांशी काय बोलायचं ते मी बघीन."

खानावळ चालवणारी, सही करताना बोट थरथरणारी बाई होती ती. आता माझ्या मुली मला धीट म्हणतात तेव्हा मला तिची आठवण येते.

नामदेव त्या रात्री जेवायला आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आईने स्वतः डबा भरला आणि मला म्हणाली, "पाळी सुटंल त्याची. देऊन ये." मी सहा सीटवाल्या रिक्षात बसून वसाहतीत गेले. त्याआधी मी तिथे कधी गेले नव्हते. भर दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं, आत उंच टाक्या, आणि हवेला असा वास की जिभेवर कडू चव यावी. भोंगा झाला आणि फाटकातून माणसं बाहेर पडली, सायकली, मोटारसायकली, बसकडे धावणारी माणसं. त्यात तो मला दिसायच्या आधी मीच त्याला दिसले. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या मोरीचा कठडा होता, त्यावर आम्ही बसलो. डबा मध्ये ठेवला. येणारे-जाणारे बघत होते, काही मेंबर ओळखीचे होते, त्यांनी हात केला. बहीण भावाला डबा घेऊन आली आहे, यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"काकी रागावली?" त्याने विचारलं.

"नाही. तिने मला विचारलं, तुला ठाऊक होतं का म्हणून."

मी काय उत्तर दिलं हे त्याने विचारलं नाही. डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"आवशीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाय," तो म्हणाला. "शेजारची पोरं पानी भरून देतात तिला."

"महाडला आण ना तिला."

"आणली व्हती गो गेल्या वर्षी. तिसऱ्या दिवशी रडाया लागली. म्हनते, इथं सकाळी उठून कोनाला हाक मारू? परत सोडून आलो."

"मग शेजारची पोरं..."

"पोरं नाय येणार मंग. पोरांना घरचे सोडनार नायत."

एक टँकर गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही थांबलो.

"तू सांगितलंस तर मी मुंबईला परत जाईन," तो म्हणाला. "मामाच्या वळखीनं काम मिळंल. तू सांगितलंस तर उद्या पन जाईन." एवढं बोलून तो समोर बघत राहिला. आमच्या आयुष्यात त्याने मला केलेलं हे एकच मागणं, आणि त्यात मागणं कुठे आहे ते शोधावं लागतं.

मी त्याच्या आईला लहानपणी पाहिलं होतं. संध्याकाळी ती दारात उभी राहून वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांना नावाने हाका मारायची, कुणाची पोरं आहेत न बघता. तिला कुणी ओ द्यायचं नाही, असं मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. मला फार वेळ लागला नाही.

"तुझ्या आईला तिथेच राहू दे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला. मग डबा उघडला आणि जेवला. डब्यात कोरा भात नव्हता, तेव्हा त्याने नुसतीच आमटीची वाटी संपवली आणि डबा मोरीखालच्या पाण्यात न धुता रिकामाच माझ्या हातात दिला, "हे पानी चांगलं नाय," म्हणून. रिक्षापर्यंत सोडायला आला. त्या दिवसाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला रडूही आलं नाही. घरी आले तर आई भाकऱ्या भाजत होती. "विरारला जाते," मी म्हटलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, ती करपेपर्यंत काढायची विसरली, आणि त्या दिवसानंतर नामदेवला भाऊ म्हणायचं तिने बंद केलं.

लग्न आमच्याच गल्लीत झालं. मांडव नामदेवने घातला. गल्लीच्या टोकाला तीन दगडांच्या चुली मांडून मोठाल्या टोपांत भातही त्यानेच शिजवला. लाह्या घालायला माझा मावसभाऊ उभा राहिला, कॉलेजातला पोरगा. त्याने यांचा कान जरा जास्तच जोरात पिळला आणि सगळे हसले. होमाच्या धुराने माझे डोळे चुरचुरत होते, ते एका अर्थी बरंच झालं. जेवायच्या पंगतीत नवरा-नवरीच्या पुढ्यात भात घेऊन नामदेव आला. घामाने भिजलेला, खांद्यावर पंचा. आधी यांना वाढला. मग माझ्यापुढे वाकला.

"भात?"

"अर्धा," मी म्हटलं.

त्याने पूर्ण वाढला. मी तो संपवला. हे म्हणाले, "भूक लागली होती वाटतं." मी हो म्हटलं.

नंतरची वर्षं या प्रकरणात येत नाहीत, तरी थोडं सांगायला हवं. विरारचं पाणी खरंच मचूळ होतं, त्याची सवय झाली. हे चांगले निघाले. पाहायला आले तेव्हा पाण्याचं विचारणारा माणूस जसा निघावा तसेच. दोन मुली झाल्या. नामदेवचंही लग्न झालं, कापड्याच्या बाजूची मुलगी, हसरी, मोठ्या आवाजात बोलणारी. त्याची आई स्वतःच्या घरी, वाडीत, पालखी दारात थांबताना पाहून मग गेली. बाबा गेल्यावर आईने खानावळ बंद केली, पण महाड सोडलं नाही. माझ्याकडे आली की चौथ्या दिवशी स्टँडवरच्या लाउडस्पीकरची आठवण काढायची. नामदेव कामावर जाताना-येताना तिच्याकडे डोकवायचा, औषधं आणून द्यायचा, आणि त्याची बायको सणाला ताट पाठवायची. हे सगळं मला आईकडून फोनवर कळायचं. आम्ही दोघं एकमेकांना फोन करत नव्हतो. मी महाडला गेले की भेट व्हायची, चारचौघांत, मुलं किती मोठी झाली वगैरे.

गेल्या वर्षी आई गेली. सकाळी नामदेवचा यांना फोन आला. आता रस्ता मोठा झाला आहे, तरी आम्हाला पोचायला दुपार झाली. तोवर सगळी तयारी झालेली होती. भटजी, लाकडं, कुणाला कळवायचं, कुणासाठी थांबायचं. नामदेवचे केस पार पिकले होते. बोटं मात्र स्वच्छ होती. कंपनीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आईला उचलताना पुढचा खांदा त्याने दिला. कुणी त्याला तसं सांगितलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. सावित्रीच्या काठी जाईपर्यंत त्याने खांदा बदलला नाही. गल्लीतली म्हातारी माणसं आपसात म्हणत होती, पोटच्या पोराने केलं नसतं इतकं याने केलं. अग्नी यांनी दिला. मी बायकांबरोबर घरी थांबले होते, हे सगळं मला यांनी नंतर सांगितलं.

दोन दिवस राहून आम्ही विरारला परत निघालो. दहाव्याला पुन्हा यायचंच होतं. हे गाडी चालवत होते. माणगाव मागे पडलं. मग हे म्हणाले, "नामदेवसारखा माणूस शोधून मिळायचा नाही. तुझा भाऊच लागतो ना तो, वाडीतला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ विचारला नव्हता. हो म्हणून टाकणं सोपं होतं. वाडीच्या हिशेबाने ते खरंही झालं असतं.

"आईचा मुलगा होता तो," मी म्हटलं. "माझा भाऊ नाही."

पुढे एक कंटेनर रखडत चालला होता. रस्ता मोकळा होता, तरी यांनी त्याला मागे टाकलं नाही, बराच वेळ त्याच्याच मागून गाडी चालवत राहिले. मग त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

"तेराव्याच्या पंगतीला," हे म्हणाले, "त्याचं पान माझ्या शेजारी मांड."

"मांडते," मी म्हटलं.